रिकामा बर्फ

मी बूट देतो. भाड्याचे. तासावर.
नंबर विचारतो, लेस ओढून बघतो,
चपला ठेवून घेतो अनामत म्हणून.
बाहेर मेरिदाचं ऊन चाळिशीला टेकलेलं
आणि आत, बँक आणि चष्म्यांच्या दुकानाच्या मधोमध
आमचा हा बर्फ,
कॉम्प्रेसर दमला की कडेकडेनं पाझरणारा.

आरेली कानुल सहा वर्षांची होती
तेव्हा सतरा नंबरचे बूट घेऊन गेली.
परत करताना रडली.
त्यानंतर अकरा वर्षं मी तिचा नंबर विचारला नाही,
मला पाठ असायचा.

बाप तिचा, फाउस्तिनो, चौकात मार्केसितास विकतो:
कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं चीज.
शनिवारच्या गल्ल्यातला थोडा भाग एका डब्यात जायचा
आणि दोन वर्षांनी त्या डब्यातून पाती निघाली.

पात्यांना धार लावणारा आमच्या गावात नाही.
ती राजधानीला जातात, खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून,
वीस तासांच्या बसनं, ड्रायव्हरच्या पायाशी.
परत येईस्तोवर आरेली माझे भाड्याचे बूट घालायची.
"बोथटावर जमलं की धारेवर जमतंच," म्हणायची.
जमायचंच असं नाही.

तिला एकटीला बर्फ कधी मिळाला नाही.
प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून सरकणारी पोरं,
पहिल्यांदाच हात धरलेली जोडपी,
वाढदिवसाची टोळी, बोटांना केक,
या सगळ्यांतून ती वेग घ्यायची.
उडीआधी डाव्या खांद्यावरून मागे एक नजर,
कुणाचं पोर आडवं नाही ना,
आणि मग वर.

"ती नजर काढून टाक," ओदिला बाई ओरडायच्या,
"पंचांना दिसते."
काढते म्हणाली.
त्याच फेरीत एका पेंग्विनवाल्याला काखेतून उचलून
बाजूला ठेवलं तिनं, न थांबता.

तिचं संगीत मामानं स्वयंपाकघरात वाजवलं, गिटारवर.
एका मिनिटाला, वर एकोणीस सेकंदांना, शेजारचा कुत्रा भुंकतो.
काढता येईना. मग तिनं तिथंच
दुहेरी अ‍ॅक्सेल बसवली.

एस्टोनियात दुपारचा एक, आमच्याकडे पहाटेचे पाच.
काउंटरवर फोन टेकवून आम्ही चौघं:
मी, फाउस्तिनो, झाडूवाली रेमेदियोस, रात्रीचा पहारेकरी.
निवेदकानं तिचं आडनाव मोडून सांगितलं.
आणि ती आली. केवढा मोठा बर्फ, बाई!
कोरा, कडक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
माणूस नाही.

पहिली उडी बरी.
मग कुत्रा भुंकला, त्या एवढ्या थंड, परक्या छताखाली,
आमच्या गल्लीतला कुत्रा,
फाउस्तिनो हसला, आणि त्याच क्षणी
तिनं डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं.
कुणीच नव्हतं.
बहुतेक त्यानंच तिचा तोल गेला.

चोवीस जणी पुढच्या फेरीत. ती एकोणतिसावी.
रेमेदियोस म्हणाली, जगात एकोणतिसावी म्हणजे
माझ्या घरात पहिली.
फाउस्तिनो काही बोलला नाही. गाडा लावायची वेळ झाली होती.

आठवड्यानं आली. माझ्यासाठी
तिथल्या हॉटेलातली साखरेची पुडी.
काउंटरवर कोपर टेकून बराच वेळ बर्फाकडे बघत राहिली,
तीच कलकल, तेच पेंग्विन, कडेला पाणी.
"तिथं ना," म्हणाली, "जावं कुठून तेच कळेना."

धार लावलेली जोडी अजून बसमध्येच होती.
मी न विचारता चोवीस नंबर पुढे सरकवले.
तिनं चपला काढून दिल्या.