पाच खिडक्या

हे घड्याळ शर्यत मोजत नाही.
शर्यतीच्या आधीचं मोजतं.
तबकडीवर एका ओळीत पाच गोल खिडक्या.
उजवीकडची वरची कळ दाबली
की दर मिनिटाला एक खिडकी निळ्याची लाल होते.
पाचवी लाल झाली की मुहूर्त:
शिडं ताठ, नाळ रेषेवर,
आणि इथून पुढे घड्याळाला काही विचारू नये.

एजिदिओ क्रेवातिन ते रुमालात बांधून आला,
बोरा सुटलेल्या सकाळी.
दुकानाचं दार त्याच्या हातून दोनदा निसटलं.
त्रिएस्तेत वाऱ्यात दार धरायला आम्ही चालायच्या आधी शिकतो,
म्हातारपणी विसरतो.

"मागे पडतं," म्हणाला. "दोन सेकंद."
"दिवसाला?"
"नाही. एकदाच. एकाहत्तरच्या सप्टेंबरात."

मी मागचं झाकण उघडलं.
रबराची कडी डांबर झालेली,
काचेखाली मिठाची पातळ साय,
आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, सुईने कोरलेलं
माझ्या बापाचं अक्षर: श्केर्क, मार्च बहात्तर.
शेजारी एक शून्य.
बाबांच्या भाषेत शून्य म्हणजे, दोष नाही.

तो सांगत गेला, कॉफी निवत गेली.
सुकाणूवर धाकटा नेव्हिओ.
घड्याळावर हा,
पिवळ्या रेनकोटाच्या बाहीवरून बांधलेलं,
मिनिटं मोठ्याने म्हणत.
रेषा ओलांडली ती दोन सेकंद उशिरा.
तेवढ्यात दोन होड्या वाऱ्याच्या अंगाला येऊन बसल्या,
आणि पुढचे तीन तास
या दोघांनी दुसऱ्यांचा उष्टा वारा खाल्ला.
नेव्हिओ म्हणाला, घड्याळ.
हा म्हणाला, तुझा हात.
त्या हिवाळ्यात नेव्हिओ मेलबर्नला गेला.
नाताळला कार्ड येतं.
कार्डावर कधी होडी नसते.

सहा दिवस मशीनवर ठेवलं.
दिवसाला चार सेकंद मागे.
म्हणजे पाच मिनिटांत
पापणीचा केसही हलत नाही.

सातव्या दिवशी मी सहज विचारलं,
"कळ कधी दाबलीत?"
"पहिला बार झाला तेव्हा. ऐकला, दाबली."
"ऐकला?"
"ऐकला."
"आणि पंचांची बोट?"
त्याने काचेतून हात केला,
दीपगृहाच्या थोडी अलीकडे. पाऊण किलोमीटर तरी.

तोफेचा धूर तिथल्या तिथे दिसतो.
आवाजाला पाण्यावरून चालत यावं लागतं.
हे इथल्या धक्क्यावरच्या पोरांना ठाऊक असतं,
त्यालाही होतं.
पण त्या क्षणी तो धुराकडे बघत नव्हता.
बघत होता घड्याळाकडे,
कळ दाबताना चूक होऊ नये म्हणून.

मी काही बोलले नाही.
त्याने रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.
त्याला हे आत्ता कळलं
की पन्नास वर्षं कळलेलंच होतं,
त्याच्या तोंडावरून मला सांगता येणार नाही.

"पावतीवर लिहा," म्हणाला,
"घड्याळ मागे पडत होतं.
त्याला फोनवर आता ऐकू येत नाही.
कागद लागेल."

माझ्या बापाने पावतीवर कधी खोटं लिहिलं नाही.
मी लिहिलं:
रबर बदललं. तेल घातलं.
पाच मिनिटांत दोन सेकंद मागे होतं, दुरुस्त केलं.
खाली सही, नेरीना श्केर्क. वर शिक्का.
शेवटच्या ओळीचे पैसे लावले नाहीत.

झाकण बसवण्याआधी
बाबांच्या शून्याखाली मी माझं शून्य कोरलं,
तारखेसकट.
यापुढे जो कुणी हे उघडेल
त्याच्याशी तरी खरं बोलून ठेवावं.

जाताना त्याने कळ दाबली.
दोघंही उभेच राहिलो.
बोरा फटीतून शिट्टी घालत होता,
भिंतीवरची घड्याळं आपापल्या मताने टिकटिकत होती.
पहिली खिडकी लाल.
दुसरी.
तिसरी फिरताना मी बघितलं,
त्याचा अंगठा अजून कळेवरच होता
आणि तो बाहेर, समुद्राकडे बघत होता.