दोर धरणारा

मला पोहता येत नाही.
एक्केचाळीस वर्षं झाली, मी वर होडीत
आणि इत्सुए खाली, आठ-दहा वाव पाण्यात.
मधे फक्त दोर.
तिनं झटका दिला की ओढायचं,
दोन्ही हातांनी, पाय फळीला रोवून, काही न विचारता.
लग्नात आम्हाला एवढंच शिकवलं होतं.

समुद्राचा तळ मी पाहिलेला नाही.
तो मला दोरानं सांगितला.
वर येताना त्याला लपेटून यायचे
आरामेचे तपकिरी पट्टे, ओले, चामड्यासारखे जाड,
एखादा चिकट खेकडा.
एका मार्चात तर इतकं रान चढून आलं
की मी कोयत्यानं कापत बसलो
आणि शिव्या घातल्या समुद्राला,
बाबा, आवर जरा.

त्यानं ऐकलं म्हणायचं.

आता दोर स्वच्छ येतो.
धुऊन वाळत घातल्यासारखा.

प्रयोगशाळेतला नागातोमो येतो महिन्यातून दोनदा,
पोरगेला, बूट काढून होडीत बसणारा.
बाटलीत पाणी भरतो, वहीत आकडा लिहितो.
दोन अंश, म्हणाला.
त्या रात्री मी न्हाणीच्या टाकीत हात घालून पाहिला.
दोन अंश हाताला कळतसुद्धा नाहीत.
आरामेला कळले.
आइगो माशाला कळले. थंडीत दक्षिणेला जायचा तो,
आता जायचं विसरलाय,
भर जानेवारीत कोवळे कोंब कुरतडत बसतो
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडासारखा.

किनाऱ्यावरच्या खोपीत जाळाभोवती
जागेसाठी कोपरं लागायची बायकांची एकमेकींना.
आता चौघी. सगळ्यात धाकटी फुमियो, सदुसष्ट.
जाळ मात्र तेवढाच मोठा करतात.

इत्सुएच्या डोक्याच्या फडक्यावर चांदणी आहे
जांभळ्या दोऱ्याची, पाच टोकांची.
सुई जिथून निघते तिथंच परत येते,
मधे कुठे तुटत नाही.
खाली गेलेली बाई वर यावी म्हणून.
बाईसाठी आहे ती.
रानासाठी कुणी काही शिवलं नव्हतं.

यंदा अवाबी काढायला समितीनं नऊ दिवस दिले.
पहिल्या दिवशी तिनं तीन शिंपले आणले,
पितळी मापाला लावले.
तिन्ही बोटभर कमी.
फेकले नाहीत. परत नेऊन ठेवले,
एक अख्खा श्वास खर्चून, खडकाला टेकवून.

मग पुन्हा उतरली, आणि झटका येईना.
मी मोजत असतो, नेहमीच.
साठ. सत्तर.
पंचाहत्तरला मुठीतला घाम दोराला लागला.
न मागता ओढलं तर आठवडाभर बोलत नाही ती.
नव्वदीला आला झटका. हलकाच,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

वर आली. होडीचा काठ धरून शीळ घातली,
तीच लांब, बारीक शीळ,
छातीतलं सगळं बाहेर सोडणारी.
हात रिकामे.
काय झालं, मी विचारलं.
काही नाही, म्हणाली. बघत होते.
खाली आता फार उजेड आहे.

मी दोर गुंडाळायला घेतला.
सोडवण्यासारखं त्यावर काही नव्हतं,
तरी बोटं आपली सोडवत राहिली.