खिळा

आमदारांच्या बैठकीत भिंतीवर एकच खिळा,
आणि त्यावर एकोणीस वर्षं
जनरेटरवाल्यांचं कॅलेंडर.
पान उलटतं, साल बदलतं,
पक्षसुद्धा बदलला एकदा,
खिळा त्यांचाच.

हे मी चौरडियाजींना सांगितलं तेव्हा ते हसले.
सांवेर रोडवर त्यांचं सोलरचं गोदाम,
संघटनेचे अध्यक्ष ते, मी त्यांची मजकूरवाली:
राहते रामबागेत, लिहिते हिंदीत,
खाडाखोड मात्र मराठीत करते.
म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे आकडे आहेत."

होते खरे.
मेगावॉट, टनांनी कार्बन, गुळगुळीत कागदावर आलेख,
निळ्या पॅनेलवर निळं आभाळ
आणि एक हसरं मूल, जे इंदूरचं नव्हतं,
विकत घेतलेला फोटो होता.
आमदारांनी बत्तीस पानं अंगठ्याखालून भर्रकन सोडली,
पत्ते पिसावेत तशी,
आणि वर पोह्यांची बशी ठेवली.
जिरावण सांडलं दोन हजार तीसच्या उद्दिष्टावर.
"छान आहे," म्हणाले. "पण हे सगळे राहतात कुठे?"

कोण सगळे?
चौरडियाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी आलेखाकडे.
आलेखात कोणी राहत नव्हतं.

मग मे महिनाभर आम्ही गच्च्या चढलो,
मी, दोन पोरं, एक लांबडी वही.
लोखंडी शिड्या, कठडा नसलेले जिने,
हातात धरवू नये इतका तापलेला स्क्रू.
खजराण्याचा नासिर मन्सुरी
तोंडात चार नटबोल्ट धरून बोलतो,
त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य जपून येतं.
बाणगंगेची कला बिल्लोरे वर वायर ओढते,
नवरा खाली शिडी धरतो.
"आधी उलटं होतं," म्हणाली, "पण त्याला चक्कर येते."
मी लिहीत गेले: नाव, वॉर्ड, घरात मतं किती.
तिसऱ्या प्रश्नाला जीभ अडखळायची,
पहिले चार-पाच दिवस.
नंतर नाही.

घरची धरून चार हजार एकशे बारा भरली.

कॅलेंडरवर पॅनेल छापलंच नाही.
जानेवारीत कला, शिडी, शिडीचा नवरा.
मेमध्ये नासिर, नटबोल्ट तसेच ओठांत.
खाली बारीक अक्षरांत वॉर्ड आणि माणसं.
"स्वच्छ" मी खोडला;
या शहरात तो शब्द रोज सकाळी
कचरागाडीच घेऊन जाते.
"हरित" खोडला, "भविष्य" खोडला.
चौरडियाजी कासावीस: "ऊर्जा तरी राहू द्या!"
राहू दिली. एकदा. पत्त्यात.

डिसेंबरात पुन्हा तीच बैठक.
नासिरचं काम चालू होतं, कला आली होती,
इस्त्रीची साडी, खुर्चीच्या अगदी कडेवर.
आमदारांनी पान उलटलं, मागे आले, पुन्हा उलटलं.
वॉर्ड वाचताना त्यांचे ओठ हलत होते,
जपाला बसल्यासारखे.
पोहे आले. या वेळी बशी टेबलावर.

भिंतीवर जनरेटरवाल्यांचं नवं कॅलेंडर
आमच्याआधीच लागलेलं.
ते त्यांनी काढलं नाही.
आतल्या पोराला हाक मारली, "एक खिळा आण रे."

पहिल्या ठोक्याला चुन्याचा पोपडा पडला,
दुसऱ्याला लाइट गेली.
अंगणात जनरेटर खोकला, मग लागलाच,
आणि आम्ही सगळे त्या आवाजावरून
ओरडून बोलू लागलो:
धोरण, सबसिडी, पुढच्या महिन्यातली भेट.

कलाने पोराच्या हातून हातोडी घेतली.
"तिरका धरलायस."
मग माझ्याकडे न बघताच,
"मॅडम, माझ्या घरची मतं तुम्ही पाच लिहिलीत.
चार करा.
सासू गेली दिवाळीत."