चिकाचे कपडे

केळीचा चीक आधी पाण्यासारखा असतो.
अंगावर पडला तरी कळत नाही.
उन्हात त्याचा चहा होतो,
आणि साबण लागला
की कायमचं डांबर.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं.
माझं माहेर पारोळ्याकडचं, कापसातलं.
तिथं डाग म्हणजे माती, वाळली की झटकायची.
इथं सावद्याला
लीलाधर पहाटे घडकटाईला जायचा
आणि दुपारी पाठीवर नकाशा घेऊन यायचा.
मी घासायचे.
महिन्याला सात वड्या, दोन किलो पावडर, वर सोडा.
ब्रशचे दात गेले, शर्टाची कॉलर गेली,
बोअरच्या जड पाण्यात फेस म्हणून धरायचा नाही,
डाग मात्र पक्का,
सातबाऱ्यावर नाव लागावं तसा.

भिंतीपलीकडून जैतूनबाई तडवी बघत असायची.
एकदा हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणाली,
"काय करून राह्यली वं?
जे निंघतच नही
ते घासू घासू काय करशीन?"

त्या दिवसापासून
दोन जोड चिकाचे.
त्यांना पांढरं करायचं नाही,
फक्त घाम काढायचा, दोनदा पिळायचे
आणि दोरीच्या पार शेवटच्या टोकाला, भिंतीकडे, वाळत घालायचे.

मग एकेक सुचत गेलं.
पावडर मुठीनं नाही, मोडक्या दांड्याच्या चमच्यानं.
रात्रीच भिजवून ठेवलं की सकाळी अर्धं काम पाण्यानंच केलेलं असतं.
चादरींचं शेवटचं पाणी पायपुसण्यांना,
पायपुसण्यांचं मोरीला.
पालच्या बाजारातून आणलेले रिठे लोकरीच्या शालीला,
आणि तेजलच्या शाळेच्या ड्रेसची इस्त्री
रात्रभर आमच्या गादीखाली.
(मी कड बदलली की एक चुणी पडायची.
ती म्हणायची, आई, काल तुला झोप नव्हती.)
बाकी निळीचं काम वैशाखावर सोडलं.
सेहेचाळीस अंशांचं ऊन, त्याचं बिल येत नाही.

कॅलेंडरच्या मागे लिहीत गेले:
साबण चौऱ्याऐंशी, मागच्या महिन्याला एकशे चाळीस.
मधले छप्पन्न पावडरच्या रिकाम्या डब्यात.
लीलाधर हसायचा, म्हणायचा,
या बँकेच्या नोटांना वास बरा येतो.

डबा भरला तेव्हा मशीन बघायला गेले होते.
झाकणावरून हात फिरवला. गार होतं.
दुकानदार म्हणाला, ताई, उरलेले हप्त्यानं द्या.
विचारलं, पाणी किती लागतं?
त्यानं आकडा सांगितला.
आमचा नळ चौथ्या दिवशी येतो.
मी झाकण हळूच लावलं,
कुणाच्या झोपलेल्या पोराला उठवू नये तसं.

समोरच कापडाचं दुकान होतं.

तेजल दहावीत शाळेत दुसरी आली.
सत्काराला लीलाधर पांढऱ्या शर्टात बसला,
पूर्ण बाह्यांच्या, डब्यातल्या पैशांच्या.
दोन्ही हात मांडीपासून उचलून धरलेले, तळवे वर,
जणू आताच घड उतरवलाय.
मी खुणेनं सांगितलं, टेकव रे.
त्यानं मान हलवली, पण टेकवले नाहीत.

निघताना दारात गर्दी झाली.
दाराला दोन्ही बाजूंनी केळीचे खांब बांधलेले,
त्याच सकाळी कापलेले.
तो पोरीला वाट करून द्यायला बाजूला सरला,
खांबाला टेकला.
पाण्यासारखा एक थेंब
बाहीवर.

त्याला कळलं नाही.
तेजल प्रमाणपत्र वाचत पुढं चाललेली,
तो तिच्या मागे, हात आता कुठं खाली सोडलेले.
मी काहीच बोलले नाही.
साबण लावायचा नाही,
तेवढं मनात ठेवलं.

शर्ट अजून बादलीत आहे.
दोरीच्या कुठल्या टोकाला घालायचा
ते ठरलेलं नाही.