थोपटणे

रबाळे एमआयडीसीत, खारीच्या भट्टीवरच्या गाळ्यात
सहाला शटर वर जातं.
आतली हवा बाहेर येत नाही.
बाहेरची, खाडीकडची, दारातच उभी राहते,
ओल्या गोधडीसारखी जड.
ऑक्टोबरचा पत्रा, खाली एकच एक्झॉस्ट,
तो नुसता खारीचा वास फिरवत ठेवतो,
भूक लागावी इतका, आणि मळमळावं इतका.

मढवी सर फिनाईलनं मॅट पुसतात.
गाळा साडेबारा टक्क्यांच्या पैशांतला.
“आमचे आज्याचा मिठागर व्हता,” ते सांगतात,
“तवा पन मीठ निंगं, आता पन निंगतं,”
आणि फडकं बादलीत पिळतात.

मी बेचाळीस. ऐरोलीच्या लॅबमध्ये रक्त काढते.
तान्ह्यांची, केमोवाल्यांची,
ज्यांच्या हातात आता शीरच उरली नाही त्यांचीही
मला सापडते.
इथे मात्र धरलेलं मनगट
साबणाच्या वडीसारखं निसटतं.

यशोधरा सतराची, दिघ्याची,
बारावीचा क्लास बुडवून येते.
तिचा गुडघा माझ्या बरगडीवर.
तिच्या हनुवटीवरून एक थेंब सुटतो
आणि नेमका माझ्या डोळ्यात.
झोंबतं. पुसायला हात मोकळा नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं होतं:
सहन होईना, की थोपटायचं. दोनदा.
मॅटवर, नाहीतर समोरच्याच्या अंगावर.
समोरचा त्याच क्षणी सोडतो.
बाकीचे नियम नंतर.

मला हसू आलं होतं.
आपल्यात दंड थोपटतात ते लढायला,
पाठ थोपटतात जिंकल्यावर,
मूल थोपटतात ते झोपेपर्यंत.
सोड म्हणून कोण थोपटतं?

तीन आठवडे मी नाही थोपटलं.
दात आवळून पडून राहायचे, पत्र्याचे खिळे मोजत.
मग एका मंगळवारी कोपरात कट्‌ वाजलं
आणि तिनंच सोडलं, घाबरून,
“मॅडम, थोपटा ना!
तुम्हाला किती दुखतंय
ते मला बाहेरून कसं कळणार?”

कळव्याला, आयसीयूत, तोंडात नळी असताना
अण्णांनी थोपटलं होतं.
कॉटच्या दांडीवर, दोनदा.
सुजलेल्या बोटातून न निघालेली अंगठी वाजली
म्हणून लक्षात राहिलं.
मला वाटलं, पाणी.
मग वाटलं, कूस.
मी म्हटलं, झालंच अण्णा, एवढंच सॅम्पल.
तिसऱ्या टोचणीला शीर मिळाली.
सिस्टर म्हणाली, हात छान आहे हो तुमचा.
त्यांनी परत थोपटलं.
मी ट्यूबवर नाव लिहीत होते.

खालून भट्टीवाल्या इस्माईलभाईंनी
दुधाची गार पिशवी पाठवली, बर्फ नव्हता म्हणून.
ती कोपरावर धरून मी भिंतीशी बसले.
पिशवीला घाम, मला घाम.

“पुन्हा?” यशोधरा विचारते.

या वेळी तिनं अजून नीट धरलेलंही नसतं
आणि मी थोपटते.
लवकर, फार लवकर,
तिच्या भिजलेल्या पाठीवर, दोनदा,
मग तिसऱ्यांदा,
ती सोडते, सोडून बाजूला होते,
तरी माझा हात मॅटवर चालूच.
ती काही विचारत नाही.
तशीच पडून राहते शेजारी,
पोटाचा भाता वरखाली.

पत्रा निवताना तडतडतो.
सर फडकं घेऊन येतात, “उठा, दुसरी जोडी.”
रबरी मॅटवर आमचे दोन ओले आकार,
एकमेकांत शिरलेले, डोकं कुणाचं कळू नये असे.
तिचा पुसला जातो एका हातात.
माझा कोपराशी थोडा राहतो.
खाली दुसरा घाणा निघाला असावा.