पाच कान

डावा कान मी फेरीला दिला.
सत्तावीस वर्षं, इंजिनाच्या त्याच अंगाला उभा राहून.
उजव्याने ऐकू येतं अजून, चांगलं येतं,
फक्त कुठून ते कळत नाही.
लाइने हाक मारते, हेल्दुर!
आणि मी आधी तळघरात जातो, मग माळ्यावर,
मग अंगणात, जिथे ती नसतेच.

म्हणून मागवले पाच.
अंगठ्याएवढे रेडिओ, खरं तर टीव्ही बघायला बनवलेले,
एकेकाची किंमत दोन धुरावलेल्या बाम माशांची.
संगणकाला लावले ओळीने,
डुकरिणीला पिल्लं लुचावीत तसे.

प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा स्फटिक,
प्रत्येकाचं घड्याळ स्वतःचं.
चुलीजवळचा तापला की एकीकडे सरकायचा,
खिडकीतला गारठला की दुसरीकडे.
किती वाजले विचारलं तर पाच उत्तरं,
आणि पाचही ठाम,
आमच्या बेटावरच्या सभेसारखी.

भिंग लावून चौघांचे स्फटिक उपटले.
हात थरथरला, एक रेडिओ कायमचा गेला,
त्याच्या जागी दुसरा यायला तीन आठवडे.
मग पहिल्याच्या ठोक्याची तार काढून सगळ्यांना जोडली:
सेकंदाला दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख ठोके,
पाचांना मिळून एकच नाडी.

वाटलं, झालं.
कुठलं झालं!
ठोका एक, पण मोजायला सुरुवात कुणी कधी केली
हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

यावरचा उपाय मला अजून विचित्र वाटतो.
पाचांनाही एकदम खरखर ऐकवायची.
सूर चालत नाही, सूर परत परत स्वतःसारखाच येतो,
कितव्यांदा आला ते कसं सांगणार?
खरखरीचं तसं नाही.
तिचा कुठलाच तुकडा दुसऱ्यासारखा नसतो.
पाच पट्ट्या एकीवर एक ठेवून सरकवत राहायचं
एक केस पुढे, एक केस मागे,
आणि एकाएकी पडद्यावर सुळका उभा राहतो.
त्या सुळक्यासाठी मी रात्री दोन वाजता बाटली उघडली,
एकट्याने, पाचांसमोर.

सकाळी सौनाच्या छपरावर पाच काठ्या गोल रोवल्या.
सव्वादहाची फेरी हेल्टरमाला लागते, कप्तान धक्क्याशी बोलतो,
पूर्वेला, माझ्या हाडांना पाठ असलेल्या दिशेला.
काटा फिरला आणि बेकरीवर थांबला.
दुसऱ्या दिवशी बेकरी. तिसऱ्या दिवशीही.
लाइने म्हणाली, फेरी पाव घ्यायला येत असेल.

चौथ्या दिवशी केबली मोजल्या.
तिसरी वीतभर लांब.
दोन मीटरच्या लाटेला वीत म्हणजे चेष्टा नव्हे:
आतल्या पाचांचा मेळ चोख होता,
उशीर बाहेरून, वाटेत होत होता.
कात्रीने कापली. टोक पुन्हा बसवलं.
सव्वादहाला कप्तान बोलला, आणि काटा
पूर्वेकडे वळला, जरासा थरथरला, राहिला.
मी त्या फेरीत नव्हतो,
आणि ती कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

मग साहजिकच सुचलं ते लाइनेला सांगितलं:
एक छोटा रेडिओ कमरेला लाव,
हाक मारताना बटण दाब, मला दिशा कळेल.
आमच्या भाषेत तिच्या नावाचा अर्थ लाट,
म्हणजे सगळं जुळूनच आलं होतं.
ती पीठ मळत होती.
मी फेरी नाही, म्हणाली.

बऱ्याच वेळाने, कणीक झाकता झाकता:
तुझ्या काठ्या बघ, त्या धावतात का कुठे?
हाक आली की तू आहेस तिथेच उभा राहा.
मी येते.

आता तसं चालतं.
पाचवा मात्र चूल पेटली की अजून बिघडतो,
का ते सापडलेलं नाही.
हेल्दुर! ऐकू येतं, आणि मी
हातातला पाना तसाच धरून
जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबतो.