बुश की टेपर

मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराच्या मागच्या अंगाला
आमच्या शेडमध्ये दोन इंजिनं उघडी पडलीत.
दोन्ही सहा हॉर्सपॉवरची, दोन्ही साडेसहाशे फेऱ्यांची,
फ्लायव्हीलं भिंतीला टेकवलेली.
एक बुशचं. एक टेपरचं.

दस्तगीर मिस्त्री बुशवाले.
व्हाइट मेटल ओतताना बोलत नाहीत.
आधी पळीत बांबूची काडी बुडवतात:
करपली पाहिजे, पेटता कामा नये.
मग शाफ्टला निळं फासून फिरवतात
आणि बुशावर उमटलेला ठिपका
स्क्रेपरनं तेवढाच उचलतात, दुपारभर,
डाळीतले खडे काढावेत तसे.
"मऊ धातू कचरा पोटात घेतो," म्हणतात,
"स्वतः झिजतो, शाफ्टला ओरखडा येऊ देत नाही.
मरायच्या आधी महिनाभर ठोके देऊन सांगतो.
टेपर? आज गातंय, उद्या तुकडे."

मी टेपरची.
गारठ्यात एका हँडलला उठतं,
तेल जरा कमी पडलं तरी रुसत नाही.
नाना पेठेतून डबी आणायची, बसवायची,
शिम घालून शाफ्टची हालचाल मोजायची, विषय संपला.
दुपार वाचते.
"वाचलेल्या दुपारचं काय करतेस?"
मी मोबाइल बघत होते.

लोणीच्या गुऱ्हाळवाल्यांना टेपरच हवं होतं.
बसवलं.
हँडल मारलं, पहिला धूर पत्र्याला लागला.
मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक
बेअरिंगच्या घरावर टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.

कानाला नाही. दातांत.
दोन वर्षं बघतेय,
मला वाटायचं लकब आहे.

बुशचा ठोका जाड, हाडातून वर चढतो.
टेपरची तक्रार बारीक, शिट्टीसारखी;
चाळीस वर्षं हातोडा-छिन्नीपाशी बसलेल्या माणसाचा
आधी तोच सूर जातो.

डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ.
शेजारी कुणीतरी जुन्या सायकलींचा सौदा करत होतं.
मग स्क्रूड्रायव्हर काढला, शर्टाला पुसला,
मूठ माझ्याकडे करून धरला.
"काय म्हणतंय?"

इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं.

मी कानाला लावला.
डावं घर ठीक. उजवं किंचित कण्हत होतं,
शिम एखादी जास्तच निघालेली.
"उजवं," मी म्हणाले,
मग ओरडून, "उजवं!"

त्यांनी इंजिन बंद केलं
आणि पाना शोधायला वाकले,
माझ्याकडे न बघता.